दार हळू लावा जी

आमच्या गल्लीतल्या जुन्या घरांना दोन दारं असायची. एक माणसांचं, एक बंडीचं. बंडीच्या दारातून धान आत यायचं, तणस यायची, बैल यायचे, आणि लगीनसराईत त्याच दारातून रेंगी बाहेर पडायची. रेंगी म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगत बसावं लागतं. हलकी, वर छप्पर असलेली बैलगाडी, फक्त माणसांसाठी. तिच्यात कोणी धानाचा कट्टा टाकला तर आजोबा चिडायचे. पुढे रेंगी मोडली, तिची चाकं कोठ्याच्या भिंतीला टेकून राहिली, आणि त्या दारातून सायकल, मग लूना, मग बजाजची स्कूटर आत येऊ लागली. आणि एका दिवाळीला शाळेतल्या गुरुजींच्या घरी त्याच दारातून मारोती आली. दोन्ही अंगांना जेमतेम वीत-वीतभर जागा उरली. आम्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या, बायांनी तोंडाला पदर लावला, आणि कोठ्यातल्या गाईने नव्या पाहुणीकडे एकदा बघून परत तणशीत तोंड घातलं.

तिरोड्याच्या आमच्या वयाच्या कोणालाही विचारा, आपापल्या गल्लीतली अशी एक गाडी त्याला आठवेल. रंग बहुतेक पांढरा. मागच्या काचेवर देवाचं नाव. आणि मालकाचं एक वाक्य ठरलेलं: दार हळू लावा जी.

त्याआधी कार म्हणजे लोकांची. राईस मिलच्या शेठची अँबेसेडर आणि डॉक्टरांची फियाट. फियाट मुंबईत कुर्ल्याला बनायची, अँबेसेडर कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला, आणि देशभर कार म्हटलं की बहुतेक या दोनच. डॉक्टरांची फियाट रात्री गल्लीत शिरली की घराघरांतली दारं किलकिली व्हायची. कोणाकडे थांबते? अँबेसेडर दिसायची ती निवडणुकीत आणि श्रीमंताच्या वरातीत. बाकी आम्ही सगळे लाल डब्याचे, काळी-पिवळीचे आणि पॅसेंजरचे प्रवासी. गोंदिया तीसेक किलोमीटर, नागपूर शंभरेक, आणि हावडा-मुंबईची मोठी लाईन गावातूनच गेलेली. त्यामुळे घरी गाडी असावी, असं कोणाच्या मनातसुद्धा यायचं नाही. स्कूटर हीच मोठी गोष्ट होती. बजाजची स्कूटर बुक केली की नंबर लागायला वर्षानुवर्षं जायची. पोरगी झाली की स्कूटर बुक करून टाका, लग्नात जावयाला वेळेवर मिळेल, असं म्हणायचे. हा विनोद साऱ्या महाराष्ट्रात सांगितला गेला असेल, पण आमच्याकडे एका घरी तो जवळजवळ खरा झाला.

साध्या घराला परवडेल अशी कार करावी, हे खूळ मात्र जुनं आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी ‘मीरा’ नावाची छोटी गाडी स्वतःच्या डोक्याने बांधली होती, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच. पुढे सुधारत सुधारत ती बारा हजारांत देता येईल, असा त्यांचा हिशोब होता. ती बाजारात आलीच नाही. आली असती तर आमच्या गुरुजींच्या वडिलांनीही बंडीचं दार तेव्हाच रुंद केलं असतं, कोण जाणे.

मारुती ८०० बाहेर पडली १९८३ च्या डिसेंबरात. दिल्लीत इंदिरा गांधींनी पहिल्या ग्राहकाच्या हातात किल्ली ठेवली, तो फोटो नागपूरच्या पेपरांमधून आमच्यापर्यंत पोचला. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं इंजिन. पान टपरीवर चर्चा झाली. एवढीशी गाडी, अंबाडीच्या पेंढीएवढी हलकी, आपल्या रस्त्यावर टिकेल का? पान टपरीचा निकाल लागला: नाही टिकणार. मग पंधराएक वर्षं ती तिकडे शहरात टिकत राहिली आणि आम्ही इकडे तिच्या टिकण्याची शंका घेत राहिलो.

गुरुजींनी ती घेतली ते वर्ष १९९९. लक्षात राहायचं कारण वेगळं. त्याच वर्षी १ मे रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला आणि आम्ही एका रात्रीत भंडाऱ्याचे गोंदियाचे झालो. नव्या गाड्यांवर एमएच ३५ दिसू लागलं. ३६ भंडाऱ्याकडे राहिलं. गुरुजींची गाडी मात्र सेकंडहँड, नव्वद-एक्क्याण्णवचं मॉडेल, एमएच ३१. नागपूर पासिंग! या नागपूर पासिंगचा गल्लीला इतका अभिमान, की नंबर बदलायचा विषय निघाला तेव्हा शेजारच्या आजोबांनी हरकत घेतली. “राहू द्या ना जी. जरा वजन पडते.”

पैशाची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, कारण गुरुजींनी ती कोणापासून लपवलीच नाही. पाचव्या वेतन आयोगाचा फरक, शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज, दोन एकरांतलं धान, आणि गुरुजींच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, पाटल्या गहाण ठेवायच्या की नाही यावर आठवडाभराचं भांडण. पाटल्या राहिल्या. त्याऐवजी रंगवायला काढलेलं घर तसंच राहिलं. घर पुढची कितीतरी वर्षं बिनरंगाचं आणि दारात चकचकीत मारोती, हे चित्र पाहुण्यांना विचित्र वाटायचं. आम्हाला नाही वाटायचं.

हप्त्याचा दिवस गल्लीला पाठ झाला होता. महिन्याच्या सुरुवातीला गुरुजी स्कूटरवर दिसले की समजायचं, हप्ता भरला. गाडीवर दिसले की समजायचं, धानाचे पैसे आले.

गाडी आली, नारळ फुटला, बोनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक निघालं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली गेली. पहिली फेरी कुठे, याला मत विचारायची गरज नव्हती. चांदपूरचा हनुमान. तुमसरकडचं हे देवस्थान आमच्या भागाचं नव्या गाडीचं ठरलेलं ठिकाण. मारोतीने मारोतीच्या दर्शनाला, हा विनोद त्या दिवशी प्रत्येकाने एकेकदा केला आणि प्रत्येकाला वाटलं की आपल्यालाच सुचला.

त्यानंतर नियम सुरू झाले.

चपला झटकून आत बसा जी. काचेला बोटं लावू नका. खिडकीची मूठ दोन्हीकडे फिरवून बघू नका, तुटते. सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही. ते आधीच्या मालकानेही काढलेलं नव्हतं. प्लास्टिकवर टॉवेल, टॉवेलवर काकूंनी जुन्या लुगड्याची शिवलेली खोळ. मे महिन्यात त्या तीन थरांवर बसलेल्या माणसाची पाठ कशी होत असेल ते सांगायला नको. पान खाऊन बसायचं नाही. बसलात तर काच खाली करून थुंकायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: दार हळू लावा जी. हे वाक्य गुरुजी इतक्या वेळा म्हणायचे की पोरांनी त्यांचं नावच ‘दारहळू’ ठेवलं. बंडीचं, कोठ्याचं, देवळाचं लाकडी दार जोरात ओढायची ज्यांना पिढ्यानपिढ्यांची सवय, त्यांच्या हातात हे पत्र्याचं दार म्हणजे जोखीमच. गुरुजींच्या घरची आजी तर दार लावायचीच नाही. बसून राहायची, हात मांडीवर ठेवून. कोणीतरी येऊन लावून द्यायचं.

त्या गाडीचं एक कापड होतं. आजोबांचं जुनं धोतर, चौकोनी फाडलेलं. सकाळी शाळेत जायच्या आधी गुरुजी त्याने गाडी पुसायचे. टपापासून सुरुवात, मग काचा, मग बोनेट, शेवटी चाकं. चाकांना वेगळं कापड. गाईचं वासरू मागून येऊन दार चाटायचं, गुरुजी त्याला हाकलायचे, पुसायचे, ते परत यायचं. मागच्या डाव्या दाराच्या खालच्या पट्टीचा रंग त्याने एका हिवाळ्यात फिका करून टाकला. मिस्त्री म्हणाला, पॉलिश मारून देतो. गुरुजी म्हणाले, राहू दे, ओळख आहे.

आता वहीबद्दल सांगतो, कारण ती अजून आहे. शाळेतल्या हजेरीच्या वहीसारखी लांबट वही, गुरुजींच्या वळणदार अक्षरातली. पाच रकाने आखलेले: तारीख, किलोमीटर, पेट्रोल, कोण, कशासाठी. ती वही गाडीच्या पुढच्या कप्प्यात राहायची. फेरीहून आल्यावर गुरुजी आधी वही भरायचे, मग चहा घ्यायचे. ‘गोंदिया. शेजारच्या सूनबाई. बाळंतपण. मुलगी.’ पुढच्या ओळीत: ‘गोंदिया. त्याच सूनबाई, परत आणणे. सोबत मुलगी.’ मग ‘स्टेशन. महाराष्ट्र एक्सप्रेस. पोराची पेटी, पुणे.’ ‘तुमसर. धान.’ ‘वारासिवनी. मयत.’ ‘मंडई. येताना पाऊस, काच पुसण्यास उतरलो.’ पानंच्या पानं अशी. मुलगी बघायला, दवाखान्यात, साखरपुड्याला, मंत्र्याच्या सभेला, बोदलकसाच्या तलावावर, परीक्षा केंद्रावर. एका पावसाळ्यात एका ओळीवर ‘कशासाठी’ या रकान्यात लिहिलंय: ‘सहज.’ त्या शब्दाखाली काकूंनी लाल पेनाने रेघ ओढलीये.

गल्लीचा इतिहास लिहायचा झाला तर मला दुसऱ्या कशाचीही गरज पडणार नाही. कोण कधी जन्मलं, कोणाचं लग्न कुठे जमता जमता मोडलं, कोणाला रात्री अकराला नागपूरला न्यावं लागलं, सगळं त्या रकान्यांत आहे. पेट्रोलच्या हिशोबासकट.

गाडी मागायची एक रीत होती. सरळ मागणं म्हणजे असभ्यपणा. संध्याकाळी माणूस सपरीत येऊन बसायचा. पावसाची चौकशी व्हायची, रोवणी कुठवर आली याची, मावा-तुडतुड्याची. मग निघता निघता:

“गुरुजी, उद्या गाडी कुठं जाऊन राहिली का जी?”

“नाही. काहून?”

“काही नाही जी. सहज इचारलं.”

झालं. सकाळी सातला गाडी त्याच्या दारात. गाडीसोबत गुरुजीही, कारण चालवता येणारे गल्लीत ते एकटेच. म्हणजे मागणाऱ्याला गाडी, चालक, सल्लागार आणि वेळ पडली तर मुलाच्या वडिलांशी बोलणारा प्रतिष्ठित माणूस असं सगळं एकत्र मिळायचं. पेट्रोलचे पैसे द्यायला गेलं की ते हात मागे घ्यायचे. मग दुसऱ्या दिवशी काकूंकडे नव्या तांदळाची पायली यायची. कोणाकडून पोपटाच्या शेंगा, कोणाकडून लाखोळीची डाळ, कोणाकडून बोडीतले मासे. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ते येऊन गाडी धुवून जायचे. असा हा व्यवहार चालायचा. काटेकोर हिशोब केला असता तर गुरुजी दरवर्षी तोट्यात गेले असते, आणि काकूंची कोठी दरवर्षी भरलेली.

बसायचीही रीत ठरलेली. कागदावर चार-पाच माणसांची ती गाडी. आमच्या गल्लीची माणसं कागद वाचत नसत. पुढे घरातला सगळ्यात मोठा माणूस, त्याच्या मांडीवर एक पोरगं. मागे चार बाया, प्रत्येकीच्या मांडीवर एकेक, आणि पायाशी एक, ज्याला बाहेरचं काहीच दिसत नाही असा. मागच्या काचेखालच्या फळीवर अनारशांचा डबा. डिक्कीत तांदळाचा कट्टा आणि त्यावर दाबून बसवलेली वळकटी. आजी पुढे बसायची नाही, कारण पुढे बसलं की रस्ता अंगावर येतो. वाटेत एकाला उलटी व्हायचीच. त्यासाठी लिंबू आणि जुनी प्लास्टिकची पिशवी आधीच काढून ठेवलेली असायची. उलटी झाली की सगळे उतरायचे, पाय मोकळे करायचे, आणि परत चढताना आधीच्या जागा आठवत नसत.

आमच्याकडे सोयरीक वैनगंगेच्या दोन्ही काठांवर. अर्धे नातेवाईक पलीकडे, बालाघाट, वारासिवनी, कटंगीकडे, मध्य प्रदेशात. पूर्वी तिकडे लग्नाला जायचं म्हणजे एक बस, मग दुसरी, मग वाट बघणं, मग शेवटी कोणाची तरी बंडी. म्हाताऱ्या बायांचं माहेर याच कारणाने तुटलं होतं. रेंगी गेल्यापासून आजी माहेरी गेली नव्हती. मारोती आली तशी ती दर दोन-तीन महिन्यांनी जाऊ लागली. भावाची चौकशी करायची, तास-दोन तास बसायची आणि संध्याकाळी परत. ‘वारासिवनी. आजी. भाऊ’ असं वहीत पुष्कळदा आहे. मला विचाराल तर एवढ्या एका गोष्टीसाठीही घराचा रंग राहिला ते बरंच झालं.

भाऊबीजेनंतर मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, सुरू झाल्या की गाडीला उसंत नसे. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा दंडार, रात्री नाटक. गाडी गावाबाहेर झाडाखाली उभी, आत पोरं झोपलेली, आणि एक माणूस बोनेटला टेकून राखणीला. त्याने नाटक बघायचं नाही, ऐकायचं. नवरात्रात डोंगरगडच्या बमलेश्वरीला मात्र गाडी न्यायची नाही. तिथे रेल्वेनेच जायचं, आधीपासून जात आलोय तसं. देवीला काय वाटेल, असं काकू म्हणायच्या.

आणि दुरुस्ती. दुरुस्तीवर आमच्या लोकांचा फार जीव. गाडी जुनी, रस्ते आमचे, त्यामुळे काम निघायचंच. बॅटरी बदलायची वेळ येऊन गेली तरी गुरुजी एक हिवाळा ढकलत न्यायचे, आणि तो हिवाळा आम्ही पोरं गाडी ढकलायचो. सकाळी चोक ओढायचा, एकदा, दोनदा, मग ‘लावा रे जोर’. गाडी धरली की गुरुजी न थांबता पुढे निघून जायचे, कारण थांबले तर परत बंद पडेल. बाकीची सगळी मंडळी मागून धावत. शेवटी चौकात वळून ते परत आणायचे आणि लोक चालत्या गाडीतच चढायचे.

धान घरी आलं की उंदीर यायचे. बोनेटखाली तणशीची घरटी सापडायची आणि कुरतडलेल्या तारा. यावर उपाय बिडी वळणाऱ्या बायांनी सांगितला: जर्दा. तंबाखूची पुरचुंडी फडक्यात बांधून इंजिनाजवळ लटकवायची. उंदीर खरंच कमी झाले. गाडीला मात्र कायमचा एक वास लागला. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटायचं, गुरुजी बिड्या ओढतात.

जुन्या ट्यूबचा पोहायला भोपळा. टायरचा तुकडा कोठ्याच्या उंबऱ्याला, बैलाचा पाय घसरू नये म्हणून. तुटलेल्या वायपरचा रबर दिवाळीत रांगोळीच्या पाट्याला पाणी ओढायला. फुटलेल्या आरशाचा तुकडा न्हाणीत दाढीसाठी. आणि गाडीतून काढलेली बॅटरी? ती लोडशेडिंगमध्ये कामाला. पोरांच्या परीक्षेच्या दिवसांत बारा-बारा तास वीज नसायची तेव्हा तिच्यावर एक छोटी ट्यूब जळायची आणि चार घरांची पोरं तिच्याखाली. पुढे आमच्याच तिरोड्याच्या उशाला ३३०० मेगावॅटचं अदानीचं औष्णिक केंद्र उभं राहिलं, धुराडी लांबून दिसू लागली. ज्यांनी त्या बॅटरीखाली पाढे पाठ केले, त्यांच्यातलेच काहीजण पुढे तिथे कामाला लागले.

मधल्या काळात बाकीच्या गाड्या आल्या, त्यांचं फार काही सांगण्यासारखं नाही. १९९८ च्या शेवटी टाटांची इंडिका आली, पुण्यात बनलेली, डिझेलवर चालणारी, म्हणून भाड्याने चालवणाऱ्यांची ती लाडकी झाली. सँट्रो आली, अल्टो आली. केंद्र उभं राहत होतं तेव्हा गावात बोलेरोच बोलेरो झाल्या, कंपनीत लावायला. त्यांचा गल्लीशी संबंध नव्हता. त्या सकाळी जायच्या, रात्री यायच्या.

नॅनोचं मात्र सांगायला पाहिजे.

२००८ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात रतन टाटांनी ती दाखवली. लाखाची गाडी. स्कूटरवर भिजत चाललेलं चौघांचं कुटुंब बघून त्यांना ती सुचली, असं ते सांगायचे. पुढे एक पोरगं उभं, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरं. हे तर आम्हीच! गल्लीत प्रत्येकाला वाटलं, टाटांनी आपल्यालाच कुठेतरी बघितलं असणार. मग सिंगूरला कारखान्याच्या जमिनीवरून आंदोलन झालं, कारखाना साणंदला गेला, आणि २००९ च्या मार्चमध्ये गाडी बाजारात आली. दोन लाखांवर लोकांनी पैसे भरून नावं लावली. पहिल्या एक लाखाची सोडत निघणार होती. आमच्या किराणावाल्या काकांनी फॉर्म आणला तीनशे रुपयांचा. बँकेतून कर्ज केलं. परत तेच जुनं, स्कूटरसारखं: नंबर लागला का? नंबर लागला का?

लागला.

ती आली त्या दिवशी गुरुजींसकट सगळे तपासणीला गेले. समोरचं झाकण उघडलं. आत स्टेपनी. “काका, इंजिन घरी इसरले का जी?” मग कळलं, इंजिन मागे, आणि तेही दोनच सिलिंडरचं. पेट्रोल पुढून भरायचं, सामान मागच्या सीटच्या पलीकडे, पण डिक्की बाहेरून उघडतच नाही. वायपर एकच. चाकाला नट तीनच. प्रत्येक गोष्ट पैसा वाचवून केलेली होती आणि आमच्यासारख्या लोकांना ते दिसत होतं, कारण आम्ही स्वतः तसंच जगत आलो होतो. मिस्त्रीने चाकाचे नट मोजले, मान हलवली आणि म्हणाला, “लागतात तेवढे दिले. जास्तीचे काहून देतील?” आत बसल्यावर मात्र सगळे चकित झाले. बाहेरून एवढीशी, आत मारोतीपेक्षा मोकळी. आजी तिच्यात फेटा बांधलेल्या माणसासारखी ताठ बसू शकत होती.

काकांनी ती वर्षानुवर्षं हौसेने चालवली. तरी लग्नाकार्यात ती मांडवासमोर लागली की कोणीतरी म्हणायचंच, “हे कोणाची जी, लाखवाली?” हसून म्हणायचे, पण म्हणायचे. काका पुढे पुढे गाडी मांडवापासून लांब लावू लागले. माझं म्हणणं असं आहे की नॅनोचा घात त्या लाखाने केला. आमची माणसं काटकसर दिवसभर करतात, पण ती चारचौघांत उच्चारलेली त्यांना चालत नाही. गुरुजींची गाडी तर त्याहून कमी पैशात आली होती. तिला कोणी स्वस्त म्हटलं नाही, कारण तिची किंमत तिच्या कपाळावर लिहिलेली नव्हती. स्वस्त म्हणून ती खपवायला नको होती, असं रतन टाटाही पुढे म्हणाले. २०१८ च्या जूनमध्ये महिनाभरात नॅनो बनली ती फक्त एक. त्याआधीच, २०१४ च्या जानेवारीत, मारुती ८०० बनणं थांबलं होतं. रतन टाटा २०२४ च्या ऑक्टोबरात गेले, त्या दिवशी काकांनी व्हॉट्सअॅपवर आपल्या नॅनोचा फोटो टाकला. खाली गल्लीतल्या तेवीस-चोवीस जणांनी हात जोडले. त्यात ‘लाखवाली’ म्हणणारेही होते.

आता गल्लीत घरटी एक गाडी आहे, काही घरी दोन. प्रत्येकाकडे चालवणारा, प्रत्येकाकडे सेन्सर, मागे घेताना टिटी करणारा. दार कसंही आपटा, कोणी बोलत नाही. दवाखान्यात जायचं असलं तर लोक आपापल्या गाडीने जातात, आणि ते चांगलंच आहे. रात्री अकराला दुसऱ्याचं दार वाजवायची पाळी कोणावर यावी असं मी म्हणणार नाही. फक्त कोण कोणाला घेऊन गेलं हे आता आठ दिवसांनी कळतं. बंडीची दारं बहुतेकांनी काढून शटर लावलं, कारण नव्या गाड्या त्यातून जात नाहीत.

गुरुजींच्या गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा त्यांनी तिचं पासिंग पाच वर्षांनी वाढवून घेतलं. मग परत पाच. नंतर डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि पोरांनी गाडी चालवायला बंदी घातली. काही दिवस ती कोठ्यात उभी होती, रेंगीच्या चाकांशेजारी. मग नागझिऱ्याकडच्या एका गावातल्या माणसाला गुरुजींनी ती दिली. सोबत दोन चाव्या, जॅक, पाना, धोतराचं कापड आणि सूचनांची यादी. वही दिली नाही.

त्या माणसाने ती पुढे कोणाला दिली ते माहीत नाही. नागपूर पासिंग, पांढरी, मागच्या डाव्या दाराखालचा रंग फिका. कुठे दिसली तर कळवा जी.

आणि तुमच्या घरी पहिल्या गाडीसोबतचा फोटो असेल, हार घातलेला, बोनेटवर हात ठेवून उभं राहिलेल्या घरच्या माणसांचा, तर त्यात मागे शेजारपाजारचेही कोणी ना कोणी उभे असतील. म्हातारी माणसं हयात आहेत तोवर त्यांना दाखवून, मागच्या बाजूला पेनाने सगळ्यांची नावं लिहून घ्या.